‘घाबरू नका’ या वाक्याविषयी

उपदेशपर वाङ्मयाकडे पाहण्याची मराठीच्या अभ्यासकांची एक ठरलेली दृष्टी आहे. उपदेश म्हटला की तो रूक्ष, यादीवजा आणि कलादृष्ट्या दुय्यम. वाङ्मयेतिहासात त्याला जागा द्यायची ती तत्कालीन समाजस्थितीचा पुरावा म्हणून. आम्ही विद्यार्थी असताना हेच शिकलो आणि पुढे शिक्षक झाल्यावर हेच शिकवले. या मताची फेरतपासणी करावी असे आता आम्हांस वाटते. ती सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या आधारे करण्याचे कारण असे की, भीती कशी आवरावी, वाटेला लागण्यापूर्वी काय करावे आणि दुःखात असलेल्या माणसाशी काय बोलावे हे सांगणारी भाषा बरी की वाईट, हा प्रश्न या मुलखात केवळ अभिरुचीचा राहिलेला नाही.

आधी आमचीच एक चूक सांगतो. २०१९च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेचे पाणी चढू लागले, तेव्हा सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या आमच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. घरात ते आणि काकू असे दोघेच. “आम्ही निघावं का?” एवढेच त्यांनी विचारले. आम्ही तेव्हा साताऱ्यात होतो. “सर, घाबरू नका,” आम्ही म्हणालो, “२००५ला तरी तुमच्या दारात कुठं आलं होतं?” हे बोलताना आपण धीर देत आहोत अशीच आमची प्रामाणिक समजूत होती. तिसऱ्या दिवशी त्या दोघांना माडीच्या खिडकीतून बोटीत उतरवावे लागले. काकूंचे इन्सुलिन खालच्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये राहिले होते. सरांची चाळीस वर्षांची टिपणे खालच्याच खोलीत होती. त्यांचा पुढे लगदा झाला. दोघेही वाचले. सरांनी आम्हांस त्या फोनची आठवण कधी करून दिली नाही. काकूंनी मात्र एकदा, कुठलाही राग न धरता, म्हटले होते, “त्या दिवशी कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं, की औषधं पिशवीत टाका आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडा.”

काकूंच्या या वाक्यात औषधे आहेत, पिशवी आहे, संध्याकाळची मर्यादा आहे. आमच्या वाक्यात यांपैकी काहीच नव्हते. आमचे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनाविषयी होते. ऐकणाऱ्याने करावे असे त्यात काही नव्हते. हा फरक वाङ्मयाच्या अभ्यासकांनी गंभीरपणे घ्यावा असा आहे.

पुराच्या दिवसांत सांगलीत दोन भाषा कानी पडतात. एक सरकारी निवेदनांची: ‘धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. परंतु कोयना धरणातून सुटलेल्या हजारो क्युसेकचे आपल्या उंबऱ्याशी काय होणार, हे त्या निवेदनात नसते. शिवाय ‘सतर्क राहावे’ हे विधान व्याकरणदृष्ट्या आज्ञार्थाच्या जवळचे असले तरी त्यात करण्याजोगी कृती नाही. सतर्क राहिलेला माणूस नेमके काय करतो? बहुधा तो खिडकीत उभा राहून पाण्याकडे पाहतो.

दुसरी भाषा लोकांची. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना ‘आयर्विनला किती?’ असे विचारतात. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत वाचली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा सखल वस्त्यांतील माणसांना आपापला आकडा पाठ असतो. इतके फूट झाले की पाणी गल्लीच्या तोंडाशी, तितके झाले की ओट्याशी. या हिशेबाने भीती नाहीशी होत नाही, पण ती मोजता येते. मोजता आलेली भीती माणसाला कामाला लावते.

अर्थात लोकभाषेचा भाबडा गौरव करण्याचा आमचा हेतू नाही. तिच्यातही एक खोट आहे, आणि तीच आम्हांस भोवली. २००५ साली आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते. त्या पुराची खूण लोकांनी मनावर आणि काही भिंतींवरही कोरून ठेवली. २०१९ला पाणी वाढू लागले तेव्हा ‘२००५ला इथपर्यंतच आले होते’ या विश्वासावर पुष्कळ माणसे घरात थांबली. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. आमचे फोनवरचे वाक्य याच जुन्या खुणेतून आले होते. पुढे २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचले, तेव्हा निदान ही चूक तितकीशी झाली नाही. तात्पर्य, खूण सांगावी आणि तिची मर्यादाही त्याच दमात सांगावी.

आणि ‘निघा’ एवढे सांगूनही भागत नाही. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ हे कृष्णा-येरळा संगमावरचे गाव. ८ ऑगस्ट २०१९ रोजी तेथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायकामुलांसह अनेक जण बुडाले. ती माणसे घरात अडून बसलेली नव्हती. ती निघाली होती. कधी निघायचे, कशातून निघायचे, एका खेपेला किती जणांनी बसायचे आणि उरलेल्यांनी कोठे थांबायचे, हे सारे ‘निघा’ या शब्दाच्या पोटात असते. ते वेळेवर कोणीतरी सांगावे आणि पाळून घ्यावे लागते.

ही अर्धी राहिलेली वाक्ये पुरी करण्याची विद्या या मुलखाला नवीन नाही. साताऱ्याजवळचा परळीचा किल्ला म्हणजे सज्जनगड. समर्थ रामदासांचा अखेरचा काळ तेथे गेला आणि १६८२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांचा. त्यावर वर्गात हशा पिकतो, म्हणून तो सर्वांना आवडतो. त्याच्या पाठचा उत्तमलक्षणांचा समास मात्र आम्ही नेहमी घाईने उरकत असू. ‘नकारांची जंत्री’ असा शेरा मारला की पुढे जाता येते.

वस्तुतः हा समास ज्या क्रमाने सुरू होतो तो क्रम पाहण्यासारखा आहे. उत्तम पुरुषाची लक्षणे सांगायची म्हटल्यावर आरंभी ब्रह्मज्ञान येईल, निदान सत्य आणि दया येईल, अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात आरंभी येतो रस्ता. वाट विचारून घेण्याविषयी, अनोळखी फळाविषयी, वाटेत पडलेल्या वस्तूविषयी तेथे ताकीद आहे. थोडे पुढे चोराशी ओळख काढण्याविषयी आणि रात्रीच्या प्रवासाविषयी. परंपरा सांगते की टाकळीच्या तपश्चर्येनंतर समर्थांनी बारा वर्षे देशभर भ्रमण केले. वर्षांचा हिशेब बाजूला ठेवला तरी ही वाक्ये पायी हिंडलेल्या माणसाचीच आहेत, याविषयी आम्हांस शंका वाटत नाही.

त्यांची रचनाही पाहावी. यातल्या महत्त्वाच्या निषेधांना अट जोडलेली आहे. जाऊच नये असे समर्थ म्हणत नाहीत, विचारल्यावाचून जाऊ नये म्हणतात. खाण्याला त्यांची हरकत नाही, न ओळखता खाण्याला आहे. रात्रीच्या वाटेलाही ‘एकाएकी’ हे क्रियाविशेषण लावलेले आहे. म्हणजे निषेध क्रियेचा नसून घाईचा आहे, आणि प्रत्येक ‘नये’मध्ये आधी करावयाचे एक काम दडलेले आहे: विचारणे, ओळखणे, थांबून पाहणे. भीतीवर यापेक्षा व्यवहार्य उपाय आम्हांस ठाऊक नाही. पुढे एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेविषयी सांगतानाही हाच माणूस अक्षराच्या वळणापासून शाई-लेखणीच्या तयारीपर्यंत उतरतो. तपशिलाला कमी न लेखणे हा या गद्यप्राय ओवीचा मोठा गुण आहे.

याच समासात, त्याच सुरात, पत्नीच्या कुळाविषयीचा एक सल्लाही येतो. तो आज टाकून द्यावा लागेल आणि तसे वर्गात स्पष्ट म्हणावे लागेल. उपदेशपर वाङ्मय वाचण्याची शिस्त ती हीच. कविता आपण सगळीच्या सगळी स्वीकारतो वा नाकारतो. सल्ला मात्र एकेक सुटा करून, वाजवून घ्यावा लागतो. संतवचन म्हणून सारेच डोक्यावर घेणारे आणि जुने म्हणून सारेच झुगारणारे, दोघेही न वाचताच उठतात.

समर्थांनी एकट्या वाटसरूसाठी जे केले, ते समूहासाठी करणारा माणूसही साताऱ्याकडचाच निघावा हा योगायोग मनोहर आहे. हैबतबाबा आरफळकर हे साताऱ्याजवळच्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरचे सरदार. त्यांची कथा सांगतात ती अशी: उत्तरेकडून घरी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटले आणि गुहेत कोंडले, तेथे त्यांनी हरिपाठ धरला, भिल्लांच्या नायकाला पुत्र झाला तेव्हा सुटका झाली, मग ते आरफळला न राहता आळंदीला गेले आणि ज्ञानेश्वरांचे झाले. कथेतला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार घ्यावा. आमचे लक्ष पुढच्या गोष्टीकडे आहे. वाटेवर लुटला गेलेला हा माणूस पुढे लोकांनी सुखरूप चालावे अशी व्यवस्था लावतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा सुरू केला आणि त्याला लष्करी शिस्त दिली.

आजही नीरेच्या स्नानानंतर पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मुक्काम करीत पुढे जाते. तेव्हा ही शिस्त डोळ्यांनी पाहता येते. रथाच्या पुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीला क्रमांक. निघताना तीनदा कर्णा वाजतो: पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंडीने आपल्या जागी उभे राहणे, तिसऱ्याला चालणे. कोणालाही ‘लवकर करा’ म्हणून ओरडावे लागत नाही. घाईचे तीन तुकडे करून ती वाटून टाकलेली असते.

याहून आम्हांस विलक्षण वाटते ती रात्रीची समाजआरती. मुक्कामाच्या तळावर दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार चोप उंच करून पुकारा करतो आणि क्षणात शांतता होते. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकले जाते, मगच ते टाळ थांबतात. नंतर हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते आणि मग आरती. लाखाच्या समुदायात एका दिंडीचे दुःख ऐकल्याखेरीज देवाची आरती होत नाही. गाऱ्हाण्याला आवाज आहे, ऐकणारा नेमलेला आहे, आणि दिवस मिटताना उद्याची वेळ प्रत्येकाच्या हाती आहे. वारीवर मराठीत एवढे लिहिले गेले, पण त्यातले बहुतेक भक्तिभावाविषयी. या पुकाऱ्याच्या वाङ्मयाचा अभ्यास कोणी तरी करावयास हवा.

क्रम नसला म्हणजे काय होते, तेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत, शाकंभरी पौर्णिमेला, चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ ३०० माणसे गेली. अरुंद चढण, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, मागून रेटणारी गर्दी आणि त्यात दुकानांना लागलेली आग. श्रद्धा तेथेही कमी नव्हती. पुढचा थांबला आहे हे मागच्याला कळवणारे कोणी नव्हते.

आता दुःखाविषयी. कृष्णा जी भीती आणते तीच राखही नेते. साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. आणि या संगमांवर पिढ्यान् पिढ्या माणसे रक्षा घेऊन येतात. पुढच्या फेब्रुवारीत सर गेले. आम्ही सांगलीला गेलो, काकूंसमोर बसलो आणि पुन्हा तीच चूक केली. “काकू, काळ हेच औषध,” असे काहीसे आम्ही बोललो. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात शेजारच्या एक बाई आल्या. हातात पिठल्याचे पातेले, फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी. “भांडी उद्या नेते,” त्या म्हणाल्या, “आणि रात्री मी इथंच झोपायला येते.” एवढे बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. काकूंनी त्यानंतर पहिल्यांदा पदर डोळ्यांना लावला.

दासबोधाच्या तिसऱ्या दशकात मृत्युनिरूपणाचा समास आहे. मृत्यू कोणालाच वगळत नाही, हे त्यात एकेका प्रकारच्या माणसाचे नाव घेऊन सांगितले आहे. ते सत्य आहे आणि निवांतपणी वाचले तर बळही देते. परंतु पहिल्या दिवशी दारात उभे राहून ते बोलणे म्हणजे बरोबर औषध चुकीच्या वेळी देणे. चूल न पेटवता शेजारच्या घरून पहिला घास येणे, तिसऱ्या दिवशी सावडणे, दहावा, तेरावा हे सारे विधी धर्मशास्त्राने लावले असतील; दुःखी माणसाच्या दृष्टीने ते एक वेळापत्रक आहे. उद्या काय करायचे हे त्याला ठरवावे लागत नाही. २०२० आणि २०२१च्या साथीत हे वेळापत्रक मोडले. दहाव्याला माणसे जमू शकली नाहीत, अनेकांना आपल्या माणसाचे तोंडही पाहता आले नाही. तेव्हा मोबाइलवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे ढीग पडले. त्या शब्दांना आमचा आक्षेप नाही. पण ते मृताला उद्देशून असतात. मागे राहिलेल्या माणसाशी त्यांत कोणी बोलतच नाही.

रूढीही पुन्हा वाजवूनच घ्यावी लागते. शेजारणीची भाकरी ज्या रूढीतून आली, तिच्यातूनच विधवेच्या बांगड्या फोडणे आणि कुंकू पुसणेही आले. सांगलीपासून फार दूर नसलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श म्हणून ठेवला. दुःखी माणसाला सावरणारे ठेवावे, त्याला जखम करणारे काढावे, हा विवेक एका गावाने ठरावाच्या रूक्ष भाषेत लिहून दाखवला. आमच्या मते तो ठराव उपयोजित मराठीच्या तासाला वाचण्याच्या योग्यतेचा आहे.

ललित वाङ्मयही याच कसोटीवर पुन्हा वाचता येईल. सांगली जिल्ह्याची पूर्वेकडची बाजू पुराची नव्हे, दुष्काळाची. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’च्या शेवटी माणदेशातले ते गाव दुष्काळाने रिकामे होते. लेखक तेथे सांत्वन करीत नाही. काय घडले ते सांगत राहतो. ती कादंबरी मोठी का, याचे एक उत्तर या संयमात आहे.

तर आमचे म्हणणे थोडक्यात असे. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात अर्ज, निवेदन, जाहिरात, वृत्तलेखन शिकवले जाते. त्यात सूचनालेखन आणि सांत्वनलेखन हे स्वतंत्र प्रकार म्हणून यावेत, आणि त्यांची परीक्षा अलंकारांवर न होता तीन साध्या प्रश्नांवर व्हावी: ऐकणाऱ्याला ओळखता येईल अशी खूण यात आहे काय? आधी काय आणि मग काय, हा क्रम आहे काय? ज्याच्याकडे जायचे, अशा माणसाचा उल्लेख आहे काय? आमच्या फोनवरच्या वाक्याला या परीक्षेत शून्य गुण मिळतात, हे आम्ही मान्य करतो.

गेल्या काही वर्षांपासून आम्ही वर्गात एक स्वाध्याय देतो: ‘पूर येण्याचा संभव असताना घरच्या वडीलधाऱ्यांना चिठ्ठी लिहा.’ बहुतेक चिठ्ठ्या ‘घाबरू नका, काळजी घ्या’ अशा सुरू होतात. कृष्णाकाठच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलाने मात्र असे लिहिले होते: ‘आज्जी, पाणी पाराच्या दुसऱ्या पायरीला लागलं की निघायचं, माझ्या फोनची वाट बघायची नाही. रात्र पडायला आली असंल तर पहिल्या पायरीलाच निघायचं. आधी म्हशीचं दावं सोड. गोळ्या, चष्मा आणि रेशनकार्ड निळ्या पिशवीत घालून पिशवी खुंटीला लावलीया. तात्यांच्या ट्रॅक्टरमधनं जा, शाळेत उतरलीस की मला कळीव. घराचं मी बघतो.’

शुद्धलेखनाच्या दृष्टीने आम्हांस तीत चार ठिकाणी लाल शाई वापरता आली असती. ती न वापरता आम्ही त्याला विचारले, पाराच्या दुसऱ्या पायरीपासून आज्जीचा उंबरा किती वर आहे?

“मोजलाय सर,” तो म्हणाला. “अडीच हात.”